म्हणजे नागपूरकडचेच ना?

पुण्यात रूम शोधायला गेलात की घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, "काय करता?" आणि दुसरा, "कुठले?" तुम्ही सांगता, तिवसा. समोरचा चेहरा कोरा. मग तुम्ही सांगता, अमरावती. "अच्छा, म्हणजे नागपूरकडचेच ना!" आता तुमच्यापुढे दोन रस्ते असतात. नागपूर आमच्यापासून लांब आहे, आम्ही वऱ्हाडातले, ते वेगळे, असं समजावत बसायचं. नाहीतर मान डोलवायची आणि डिपॉझिट किती ते विचारायचं. बहुतेक जण डिपॉझिटचं विचारतात.

पण खरं सांगा, अमरावतीत आपण तरी काय वेगळं करतो? मोझरीचा पोरगा कॉलेजात स्वतःला तिवस्याचा म्हणवतो, तिवस्याचा नागपुरात गेला की अमरावतीचा होतो आणि अमरावतीचा पुण्यात नागपूरचा. प्रत्येक स्टॉपवर एक नाव खाली उतरतं. गाव बारीक होत जातं आणि शेजारचं मोठं शहर त्याच्या जागी येऊन बसतं.

माणसांचंच नाही, फळांचंही हेच. विदर्भात संत्र्याखालचं सर्वाधिक क्षेत्र अमरावती जिल्ह्यात आहे. वरुड-मोर्शीच्या बागांबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण तिथला माल ट्रकमध्ये भरून निघाला की बाजारात पोहोचेपर्यंत तो 'नागपुरी संत्रा' झालेला असतो. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही 'नागपूर संत्रा' याच नावानं. आता याचा राग मानायचा की फायदा? कारण या नावामुळेच दूरच्या बाजारात आपल्या शेतकऱ्याला माल कुठला ते समजावत बसावं लागत नाही. विल्यम अलोन्सो नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९७३ मध्ये यासाठी एक शब्द वापरला होता. त्याचं मराठी करायचं तर 'उसना आकार'. मोठ्या शहराजवळचं लहान शहर त्या मोठ्या शहराचं नाव, बाजार, विमानतळ, दवाखाने असं सगळं उसनं वापरतं आणि आपल्या लोकसंख्येच्या मानानं जरा मोठं होऊन वावरतं.

उसनं घेतलं की परत काहीतरी द्यावं लागतं, हे मात्र तुम्हाला हॉस्टेलमध्ये एक महिना काढला तरी कळतं.

नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे

दोन शहरांच्या मधल्या गावाला कोण किती ओढतं, याचं गणित मांडायचा प्रयत्नही झालाय. १९३१ मध्ये विल्यम रेली यानं अमेरिकेतल्या बाजारपेठा अभ्यासून एक नियम मांडला. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण आठवतंय? साधारण तसंच. शहर जेवढं मोठं तेवढी ओढ जास्त, आणि अंतर वाढलं की ओढ झपाट्यानं कमी. त्यावरून पुढे एक सूत्र निघालं. दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर नेमक्या कोणत्या ठिकाणी एकाची ओढ संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, ते या सूत्रानं काढता येतं.

चला, आपलं काढून बघू. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख ६ हजार, अमरावतीची ६ लाख ४७ हजार. म्हणजे नागपूर पावणेचार पट मोठं. याचं वर्गमूळ काढा, १.९३ च्या आसपास येतं. त्यात एक मिळवा, २.९३. दोन शहरांमधलं अंतर ढोबळ दीडशे किलोमीटर धरा आणि त्याला २.९३ नं भागा. उत्तर आलं ५१. अमरावतीपासून ५१ किलोमीटरपर्यंत अमरावतीचं राज्य, त्यापुढे नागपूरचं.

अमरावतीहून नागपूरकडे निघालात की नांदगाव पेठ लागतं, मग गुरुकुंज मोझरी, मग चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर तिवसा. तिथून थोडं पुढे वर्धा नदीचा पूल आणि पलीकडे वर्धा जिल्ह्यातलं तळेगाव. म्हणजे हे सूत्र सीमारेषा आणून ठेवतं ती तिवस्याच्या थोडी पुढे, नदीच्या अंगाला. तिवसा अमरावतीच्या बाजूचं शेवटचं मोठं गाव.

ही नदी काही आजची सीमा नाही. १८०३ मध्ये देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे नागपूर. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये त्यांनी तो मध्य प्रांताला जोडला. राजधानी अर्थातच नागपूर. अमरावतीच्या जुन्या परकोटाला नागपुरी गेट आहे आणि नागपुरात अमरावती रोड. दोन गावं एकमेकांकडे तोंड करून किती वर्षं उभी आहेत, हे या दोन नावांतच कळतं.

आणि याच तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठावर कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर आणि परंपरेनं विदर्भाची प्राचीन राजधानी मानलं गेलेलं गाव. कधीकाळी लोक 'मोठ्या शहरात' जायचं म्हणून इकडं येत असतील, असा विचार करून बघा. जरा बरं वाटतं.

सूत्र कुठं फसतं

रेलीचं गणित किराणा, कपडे, लग्नाची खरेदी यांच्यापुरतं ठीक चालतं. तिवस्यातलं लग्नघर कापड घ्यायला अमरावतीला जातं, नागपूरला क्वचित. पण दुखणं मोठं निघालं तर? तेव्हा आपल्या पट्ट्यातली कितीतरी माणसं अमरावतीलाही जात नाहीत आणि नागपूरलाही नाही. ती सावंगी नाहीतर सेवाग्रामला जातात. दोन्ही वर्धा शहराला लागून. वर्धा तर अमरावतीपेक्षा कितीतरी लहान. पण तिथं दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांची मोठी रुग्णालयं आहेत. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ पासूनचं.

आता बारावी सायन्सचं घ्या. नीट-जेईईचा क्लास लावायचा म्हटलं की वऱ्हाडातल्या आई-बाबांच्या तोंडी आधी अकोल्याचं नाव येतं. अकोल्याची लोकसंख्या २०११ मध्ये सव्वाचार लाखांच्या आसपास, म्हणजे अमरावतीच्या दोन तृतीयांश. तिवस्याचा मुलगा अकोल्याला जातो तेव्हा तो अमरावती ओलांडून पुढे जातो आणि नागपूरपेक्षा जास्त अंतर कापतो. सूत्र बिचारं बघत बसतं. तिकडं मराठवाड्यात लातूरनं हेच केलं. मोठं शहर नसताना 'पॅटर्न' तयार केला आणि सगळ्या महाराष्ट्रातून पोरं ओढली.

म्हणजे शहराचा आकार मोजून भागत नाही. तिथं नेमकं काय आहे, हे बघावं लागतं. एक चांगलं रुग्णालय, एक नाव कमावलेला क्लास, एक विद्यापीठ, एक घाऊक बाजार. यातलं एक जरी लहान शहरात मूळ धरून बसलं, तर ओढीची दिशा बदलते.

अमरावतीत तसं घडलेलं आहे. तुम्ही कधी घरातल्या आजोबांची पदवी बघितली आहे का? अमरावतीत शिकले असले तरी त्यावर नागपूर विद्यापीठाचं नाव असेल. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज उघडलं. तेच आजचं आपलं व्हीएमव्ही, म्हणजे शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. कॉलेज इथं, पण परीक्षा आणि पदवीचा धनी नागपूर. साठ वर्षं हे चाललं. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ वेगळं झालं आणि पाच जिल्ह्यांच्या पोरांची नागपूरची एक वारी कायमची वाचली. अंतर तेवढंच राहिलं, रस्ता तोच राहिला, नागपूर तर आणखी मोठं झालं. तरी त्या एका बाबतीत त्याची ओढ संपली. (हायकोर्टाचं काम निघालं की मात्र आजही नागपूर खंडपीठ.)

आता हे बुलडाण्याच्या विद्यार्थ्याला ऐकवून बघा. विद्यापीठात एखादं काम निघालं तर त्याला दोनशे किलोमीटरच्या घरात प्रवास करून अमरावतीला यावं लागतं. त्याच्यासाठी अमरावती म्हणजे आपल्या आजोबांचं नागपूरच की!

अप-डाऊन की रूम?

आता मुद्द्याचं बोलू, कारण हा प्रश्न तुमच्या खिशाशी आहे. मोठ्या शहराचा तुमच्या गावावर काय परिणाम होणार, हे बऱ्याच अंशी एका साध्या गोष्टीवर ठरतं. तुम्ही तिथं अप-डाऊन करू शकता, की रूम करावी लागते?

अप-डाऊन म्हणजे सकाळची एसटी, दुपारी लेक्चर, संध्याकाळी घर. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात प्रवास. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट. १७ मार्च २०२३ पासून तर सगळ्याच महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तिवस्याची मुलगी अमरावतीला शिकते, लायब्ररीत बसते, स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेते आणि रात्री जेवायला घरी असते. तिला मोठ्या शहराचा फायदा मिळतो आणि तिवस्याच्या किराणा दुकानाचं गिऱ्हाईकही तुटत नाही. कितीतरी घरांत मुलगी पदवीपर्यंत शिकली ती या पासामुळे. रूम करून ठेवायला घरचे तयार झाले नसते. हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही, पण सकाळच्या एसटीत बसून बघा, सापडेल.

रूम केली की हिशोब बदलतो. भाडं, मेस, गाडीचं पेट्रोल, रिचार्ज, रविवारचा सिनेमा. बाबांनी तिवस्यात कापूस-सोयाबीन विकून आणलेला पैसा दर महिन्याला मोबाइलवरून नागपूरला किंवा पुण्याला जातो. चार वर्षं जातो. आणि डिग्री झाल्यावर पोरगा परत आला तर ठीक, नाही आला तर पैसाही गेला आणि पोरगाही.

म्हणून मला वाटतं, किलोमीटरपेक्षा ही अप-डाऊनची रेघ महत्त्वाची. तिवस्याहून अमरावती या रेघेच्या आत आहे. नागपूर शंभरावर किलोमीटर, म्हणजे रेघेच्या बाहेर. पण रेघ खडूची आहे, ती सरकते. चौपदरी रस्ता झाला, गाड्यांचा वेग वाढला, की ती पुढे सरकते. मग आपल्याला वाटतं, वा, नागपूर जवळ आलं! बरोबर आहे. पण ते आपल्या दुकानदारालाही जवळ आलं आणि त्याच्या गिऱ्हाइकालाही.

जपानमध्ये या प्रकाराला 'स्ट्रॉ इफेक्ट' म्हणतात. शीतपेयात नळी टाकतो ना, तसं. नवा रस्ता किंवा पूल म्हणजे नळी, आणि ओढणारं तोंड मोठ्या शहराच्या बाजूला. एप्रिल १९९८ मध्ये तिथं आकाशी-काइक्यो हा प्रचंड झुलता पूल सुरू झाला. पलीकडच्या शिकोकू बेटावरचं तोकुशिमा त्यामुळे कोबे-ओसाकाच्या हाकेच्या अंतरावर आलं. आता शहराचा विकास होणार, असं तिथल्यांनाही वाटलंच असणार. पण लोक बसमध्ये बसून खरेदीला ओसाका-कोबेला जाऊ लागले. ऑगस्ट २०२० मध्ये तोकुशिमातलं शेवटचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर बंद झालं. ऑनलाइन खरेदी होती, कोरोना होता, सगळा दोष पुलाचा नाही. पण पूल बांधताना जी दिशा मनात होती, त्याच्या उलट दिशेनंही माणसं चालतात, एवढं खरं.

आपल्याकडे नळीचं काम आधी रेल्वेनं केलं. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. तो अमरावती शहरातून गेलाच नाही, बडनेऱ्यावरून गेला. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरात नेणं, हा त्या मार्गामागचा मोठा हेतू होता. कापूस इथून गेला, कापड तिथून आलं. आता समृद्धी महामार्ग झालाय. ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला. तोही आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडून, धामणगाव-चांदूर-नांदगाव खंडेश्वरच्या बाजूनं जातो. नागपूरहून मुंबईला निघालेल्या गाडीला आता तिवसाही लागत नाही आणि अमरावतीही. मधल्या ढाब्यावरचा चहा गेला तो गेलाच.

साहेब पाचच्या गाडीनं गेले

मोठं शहर लहान गावाला खातं, असं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे नेहमी पुणे-मुंबई असतं. पण तिवस्याला विचारलं तर ते बोट अमरावतीकडे दाखवेल.

सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला तिवस्याच्या स्टँडवर उभं राहून बघा. तुम्ही पोरं अमरावतीला निघालेली असता आणि उलट्या दिशेनं अमरावतीची मंडळी उतरत असतात. शाळेचे सर, बँकेतल्या मॅडम, कार्यालयातले साहेब. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं, हा नियम महाराष्ट्रात जुना आहे, त्यावर ग्रामसभांचे ठराव होतात, घरभाडे भत्त्यावरून वाद होतात आणि तरी संध्याकाळी पाचला परतीची गाडी भरते. त्यांचंही चुकतं असं सरळ म्हणवत नाही. त्यांनाही मुलांसाठी चांगली शाळा हवी, आईसाठी दवाखाना हवा. पण परिणाम बघा. पगार तिवस्यात मिळतो, खर्च अमरावतीत होतो. घर अमरावतीत बांधलं जातं, भाजी अमरावतीत घेतली जाते. गावातली शाळा सुधारावी म्हणून भांडणारे जे पालक असू शकले असते, ते पाचच्या गाडीनं गेलेले असतात.

आता हेच एक पायरी वर नेऊन बघा. अमरावतीत नोकरी आणि नागपुरात कुटुंब अशी किती माणसं तुमच्या ओळखीची आहेत? शनिवारी दुपारी नागपूरच्या गाड्यांना गर्दी कशाची असते? उलट बाजूनं नागपूरचे तज्ज्ञ डॉक्टर आठवड्यातून एक दिवस अमरावतीत येऊन तपासतात. पाटी लागते, रांग लागते. रुग्णाला नागपूर गाठावं लागत नाही, हा उसना आकारच. पण शस्त्रक्रिया करायची ठरली की बऱ्याचदा फाइल नागपूरला जाते आणि तिच्यामागे नातेवाईक. २०२४ मध्ये अमरावतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. विद्यापीठानं १९८३ मध्ये जे केलं, ते दवाखान्याच्या बाबतीत हे कॉलेज करू शकेल का, हे आपण आपल्या वयातच बघणार आहोत. त्यासाठी तिथं शिकवायला येणारे डॉक्टर मात्र इथंच राहायला हवेत, शनिवारच्या गाडीची वाट न बघता.

बाणाची दिशा उलटी असलेली उदाहरणंही आहेत, ती कमी नाहीत. अमरावतीहून नागपूरकडे जाताना महामार्गावर बिझिलँड, सिटीलँड, ड्रीमलँड ही कापडाची घाऊक संकुलं लागतात. विदर्भातल्या गावोगावचे कापड दुकानदार तिथं माल भरायला येतात. इथं नागपूरच्या जवळ असण्यानं अमरावतीचं काही बिघडलं नाही, कारण हा धंदा तिनं स्वतः उभा केलाय. आणि आम्हा मास कॉमवाल्यांचं सांगायचं तर, दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेनं २०११ मध्ये आपलं केंद्र अमरावतीत काढलं, नागपुरात नाही. परराज्यातली पोरं इथं येऊन, आपलं वऱ्हाडी ऐकून आधी घाबरतात आणि महिन्याभरात "काय करून राहिला बे?" म्हणायला लागतात. एरवी भाषेचा प्रवाह उलटा असतो. पुण्यात सहा महिने काढलेला आपला मित्र दिवाळीत येतो तेव्हा त्याचं 'कायले' गेलेलं असतं, 'करून राहिलो'चं 'करतोय' झालेलं असतं. आजी विचारते, "कोणाशी बोलून राहिला हा?"

पुणे मधेच कुठून आलं?

रेलीच्या सूत्रात पुण्याला जागा नाही. अमरावतीपासून ते सहाशे किलोमीटरच्या घरात. तरी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला विचारा, नोकरीसाठी किती जण नागपूर म्हणतात आणि किती जण पुणे. संध्याकाळी अमरावतीहून पुण्याकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्स मोजल्या तरी उत्तर मिळेल. दिवाळीत त्यांची भाडी कशी वाढतात तेही तुम्हाला माहीत आहे. खासगी बसभाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावं, असं शासनानं २०१८ मध्येच ठरवलंय. बाकी तुम्ही समजदार आहात.

नागपूर आपल्याला दवाखान्यासाठी बोलावतं, कोर्टासाठी बोलावतं, विमानासाठी बोलावतं. नोकरीसाठी मात्र बहुतेकांना पुणे बोलावतं. नागपूरची मोठी औद्योगिक वाढ बुटीबोरी आणि मिहानकडे, म्हणजे शहराच्या दक्षिणेला झाली. आपल्या बाजूनं अप-डाऊन करणाऱ्याला तिथं पोहोचायला आधी जवळजवळ सगळं नागपूर गाठावं लागतं. म्हणजे आपल्याला सावली नागपूरची आणि पगार पुण्याचा. जवळचं मोठं शहर नोकऱ्या देत नसेल, तर त्याच्या जवळ असण्याचा फायदा अर्धाच होतो. यावर नागपूरचे मित्र भांडायला येतील, त्यांनी यावं. त्यांच्याही कॉलेजमधली निम्मी मुलं पुण्यातच आहेत.

म्हणून आता एका गोष्टीकडे नीट बघा. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आधीपासून आहेतच. तिथंच पीएम मित्र योजनेतलं वस्त्रोद्योग पार्क होतंय, एक हजार एकरांवर. २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून त्याचं भूमिपूजन झालं. कापूस इथला, सूत इथलं, कापड इथलं, कपडाही इथलाच, अशी कल्पना. १८६७ मध्ये जो कापूस गाडीत बसून गेला, त्यानं निदान शर्ट होऊन जावं. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. पहिली सेवा मुंबईची.

उद्योग येणार म्हटलं की आपण 'किती नोकऱ्या' एवढंच विचारतो. 'कोणत्या' हे विचारत नाही. यंत्रावरचे कामगार, पॅकिंग, सुरक्षारक्षक इथले आणि डिझाइन, खरेदी, निर्यात, अकाउंट्सचे लोक मुंबईच्या मुख्य कार्यालयात, असं झालं तर बीकॉम, बीएस्सी, बीई झालेला आपला मित्र ट्रॅव्हल्सच्या रांगेतच राहील. इचलकरंजीचं उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या शेजारचं मागांचं गाव. तिथं १९८२ मध्ये डीकेटीई हे वस्त्रोद्योग शिकवणारं कॉलेज निघालं. आज कापडाच्या धंद्यातली इंजिनिअर पोरं तिथं तयार होतात. यंत्रमागाचा खडखडाट आणि वर्गातला फळा एकाच गावात आले, म्हणून कोल्हापूरच्या इतक्या जवळ असूनही इचलकरंजीची ओळख इचलकरंजीच राहिली. तिथल्या पोराला कोणी "म्हणजे कोल्हापूरकडचेच ना?" म्हटलं तर तो सरळ "नाही" म्हणत असावा.

आपल्याकडे अशा शिक्षणाची मागणी कोणी करायची? कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला, एमआयडीसीतल्या कंपन्यांना हे विचारायला पुण्याहून कोणी येणार नाही. भरतीची जाहिरात आली की पदाच्या नावापुढे कामाचं ठिकाण काय लिहिलंय, ते वाचा. इंटर्नशिपसाठी अर्ज करताना पहिला अर्ज पुण्याला टाकलात तरी चालेल, पण दुसरा नांदगाव पेठला टाका. तिवस्याहून सकाळच्या अमरावती गाडीत बसलात तर ते अमरावतीच्या आधी लागतं. पासही तोच चालतो.